पेठेतला शेजार
आम्ही कोल्हापुरात पेठेत राहतो. येथील काही तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. १४ एप्रिलला गल्ली आमच्यासोबत सरबत वाटते. तरीही बिऱ्हाड शोधताना आम्हांला भाड्याआधी आडनाव विचारले गेले, आणि ते ऐकताच रिकामी खोली ‘कालच दिलेली’ निघाली. वसतिगृहातून बाहेर पडलेली आपली मुले आजही हेच सांगतात. याच शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. मुले शिकली, पण वेगवेगळ्या छपरांखाली. पुढे गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्यांनाही पाजीत. परवा वरच्या मजल्यावरील नव्या शेजारीणबाई आमच्याकडे चहाला आल्या. आडनाव त्यांनी कप रिकामा झाल्यावर विचारले. मग आणखी अर्धा कप मागितला.