मागवाल्याची मोटार आणि तुळजापूरचा घाट

सोलापूर सोडून तुळजापूरची वाट धरली की आधी लागते ती सपाट माळरानाची सडक. खरी मौज पुढे, धाराशिव जिल्ह्यात शिरल्यावर, तुळजापूरच्या घाटात! इथे आमची म्हातारी मारुती आठशे तरुण होते. इंजिन ते केवढेसे, तीन सिलिंडरचे, ७९६ सी.सी.चे, पण गाडी अंगाने हलकी. गिअर उतरवावा, स्टिअरिंग किंचित वळवावे, की शेळीच्या चपळाईने वळण घेते.

गंमत अशी, की हिचे कूळ सोलापूरकराला परके नाही. जपानात हामामात्सु येथे मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली कारखाना काढला तो मागांचा! त्यांच्या कंपनीची पहिली छोटी मोटार, सुझुलाइट, निघाली १९५५ साली. पुढे १९८२ मध्ये सरकारी मारुती उद्योगाशी करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरात गुडगावहून ही गाडी रस्त्यावर आली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. अँबॅसडर-फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणाऱ्या पगारदारांनी तिच्यावर उडी घातली नसती तरच नवल!

आम्ही ती घेतली जुनी, तीही आईसाठी. तिच्या गुडघ्यांना एस.टी.ची पायरी झेपेना, आणि भवानीचे दर्शन तर चुकवायचे नाही. (कोजागरीला मात्र गाडी घरीच, तेव्हा हा रस्ता पायी निघालेल्या भाविकांचा.)

२०१४ साली या गाडीचे उत्पादन थांबले. मुले म्हणतात, आता मोठी घ्या. आईने मला बजावून ठेवले आहे, "विकायचीच तर माझ्या माघारी विक."