बाल्कनीचे दार आणि गल्लीतली खाट

शहाद्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि गावाला लागून गोमाई. पण एप्रिल लागला की गोमाईच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडगोटेच जास्त दिसतात. आजूबाजूला ऊस, केळी, पपईची हिरवी शेते असली, तरी मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी बाजारपेठेत शुकशुकाट होतो.

आमच्या सासऱ्यांच्या काळात आमचे घर धाब्याचे होते. मातीच्या जाड भिंती, लाकडी सऱ्यांवर मातीचेच सपाट छत. त्या घराची उन्हाळ्याची शिस्त ठरलेली होती. सकाळी दहाच्या आत सगळी दारे-खिडक्या बंद. असरच्या नमाजनंतर ओट्यावर आणि गल्लीत पाणी शिंपडायचे. मगरिबनंतर घर सताड उघडायचे आणि रात्री वर झोपायला जायचे. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, आजही म्हणतात, "दिवसा दार बंद, रात्री दार उघडं. एवढं ज्याला कळलं, त्याला खान्देशात गरम होत नाही."

यात शास्त्र आहे. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते. जाड माती दिवसाची उष्णता लवकर आत येऊ देत नाही आणि रात्री उघड्या आभाळाखाली छत निवत जाते. वाळ्याची ताटी, माठ आणि कूलर हे सगळे त्या कोरडेपणावरच चालतात. पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते.

पण आता घर सिमेंटचे झाले. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आम्ही एसी घेतला. दीड टनाचा. अम्मींचा रक्तदाब आणि मुलीची दहावी, ही दोन कारणे होती आणि दोन्ही खरी होती. एसीचे बाहेरचे युनिट बसवणाऱ्याने गल्लीकडच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीला लावले. नळी कमी लागते, असे तो म्हणाला. आम्ही त्यावर विचारही केला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या दिरांनी सगळ्यांना मुंबईहून गोव्याला जहाजाने न्यायचे ठरवले. ते सुरतला असतात. अम्मींनी आयुष्यात एकदा तरी समुद्रावर जावे, असे त्यांना फार दिवस वाटत होते. शहाद्याला रेल्वे नाही, त्यामुळे आम्ही नंदुरबारला जाऊन गाडी धरली, सुरतला मुक्काम केला आणि तिथून मुंबई गाठली. बॅलार्ड पिअरच्या बंदरात जहाज उभे होते. एखादी सात-आठ मजली इमारत पाण्यावर ठेवावी तसे. मुले तर बघतच राहिली.

अम्मी मात्र गप्प होत्या. मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "अब्बांना सोडायला आले होते मी मुंबईला. दहा-अकरा वर्षांची असेन. मुसाफिरखान्यात दोन रात्री राहिलो होतो." त्यांचे वडील समुद्रमार्गे हजला गेले होते. मुंबई ते जेद्दा हा हजचा जलमार्ग १९९५ मध्ये बंद झाला. तोवर महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत जहाजाच्या प्रवासाच्या आठवणी होत्या. अम्मींचे अब्बा सांगत, की जहाजाच्या खालच्या भागात फार उकडायचे. वरच्या डेकवर वाऱ्याकडे तोंड केलेले मोठे भोंगे असत, त्यातून हवा खाली उतरायची. भोंग्याखालची जागा मिळावी म्हणून सगळ्यांची धडपड असे. अब्बांना ती मिळाली होती, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती एका म्हाताऱ्या हाजींना दिली आणि स्वतः डेकवर चटई टाकली. ही गोष्ट अम्मींनी आम्हाला अनेकदा सांगितली होती. जहाजावर पाय ठेवल्यावर ती मला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

आम्हाला शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. एकीत अम्मी, मी आणि मुलगी. दुसरीत दीर, जाऊबाई आणि त्यांची मुले. माझे पती आणि मुलगा आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या खोलीत. आमच्या दोन्ही खोल्यांना छोटी बाल्कनी होती आणि मध्ये काचेचे सरकते दार. जहाजावर आम्हाला नको असलेल्या गोष्टीही होत्या. त्या बाजूला आम्ही फिरकलो नाही. जेवणात शाकाहारी पदार्थ घेतले आणि बाकी वेळ समुद्र पाहिला. तेवढ्याने मन भरले.

संध्याकाळी जहाज निघाले. मुंबईचे दिवे मागे पडले, तशी अम्मींनी खोलीचा एसी पाहून नाक मुरडले. गुडघ्यांना गारवा लागतो म्हणाल्या आणि बाल्कनीचे दार पूर्ण उघडून ठेवले. "एवढी हवा अल्लाहने दिली आहे, ती बंद करून यंत्राची कशाला घ्यायची?" मलाही ते पटले. मुलीला मात्र गार हवे होते, म्हणून एसीही चालूच राहिला. दार उघडे आणि एसी चालू, असे दोन्ही घेऊन आम्ही झोपलो.

फजरला उठलो, तेव्हा आरसा धुरकटलेला होता. छताच्या जाळीतून थेंब पडत होते. चादरी ओलसर झाल्या होत्या आणि दाराजवळची फरशी इतकी निसरडी, की अम्मींचा पाय थोडक्यात वाचला. तेवढ्यात नातवाने बाहेरच्या मार्गिकेचे दार उघडले. समोरून वारा असा घुसला, की ते जड दार धाडकन आपटले. त्याची बोटे चौकटीवर होती. एक क्षण उशीर झाला असता तर काय झाले असते, हे आठवले की अजून अंगावर काटा येतो.

खोली आवरायला येणारा तरुण रत्नागिरीकडचा होता, कोकणी मुसलमान. त्याच्या घरात तीन पिढ्या जहाजावर काम करत आल्या होत्या. त्याने फरशी पुसली, थेंब पाहिले आणि हसून अम्मींना म्हणाला, "खाला, रात्री दार उघडं ठेवलं होतं ना?"

मग त्याने जे सांगितले, ते मी वर्गात शिकवावे इतके सोपे होते. समुद्रावरची हवा आपल्या हवेसारखी कोरडी नसते, ती पाण्याने भरलेली असते. एसीची जाळी गार असते. बाहेरची दमट हवा तिच्यावर आली, की तिच्यातले पाणी थेंबांनी सुटते, जसे पावसाळ्यात गार पाण्याच्या ग्लासवर सुटते. एसीचे अर्धे काम हवा गार करण्याचे आणि अर्धे ती कोरडी करण्याचे. दार उघडे असले, की यंत्र अख्खा समुद्र कोरडा करायला निघते. काही जहाजांवर म्हणूनच दाराला खटका असतो, बाल्कनीचे दार उघडले की त्या खोलीची गार हवा आपोआप बंद होते.

एसीचा जन्मच मुळी ओलाव्याच्या त्रासातून झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि रंगीत छपाई सरकत असे. तो ओलावा आवरण्यासाठी विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने यंत्र तयार केले. माणसांना गार वाटणे हा फायदा नंतर लक्षात आला.

अम्मींनी त्या मुलाला विचारले, "पण आमची खोली ओली झाली, तर त्रास आमचाच ना?"

तो म्हणाला, "नाही खाला. इथं प्रत्येक खोलीचं वेगळं यंत्र नसतं. खाली एक मोठी व्यवस्था आहे, तीच सगळ्यांना पुरते. एकाने दार उघडं ठेवलं तर थोडा भार वाढतो. शंभर जणांनी ठेवलं तर बाकीच्यांना गार हवा कमी पडते. हवा खायची तर जरूर खा. आधी एसी बंद करा, बाल्कनीत बसा आणि मागचं दार ओढून घ्या. आणि दोन्ही दारं एकाच वेळी उघडू नका."

परत आल्यावर मी या विषयावर थोडे वाचले. २३ मार्च २००६ रोजी जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' या मोठ्या जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली, बहुधा टाकून दिलेल्या पेटत्या सिगारेटमुळे. वाऱ्याने ती एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत पसरली. शंभराहून अधिक खोल्यांना झळ पोहोचली आणि धुराने एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर जहाजांच्या बाल्कन्यांसाठी आगीचे नियम कडक झाले. बाल्कनी ज्याची त्याची असते. वारा मात्र सगळ्यांचा एकच असतो.

त्या दिवशी असरनंतर आम्ही एसी बंद करून, दार ओढून बाल्कनीत बसलो. दूर कोकणचा किनारा निळसर दिसत होता. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या पोराने शेजारच्या खोलीचं सांगितलं. आपल्या शेजारच्या खाला या उन्हाळ्यात गल्लीत झोपल्या का गं?"

मला आठवेना. आमच्या शेजारच्या खाला सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. त्यांचे घर एका खोलीचे, पत्र्याचे. दर उन्हाळ्यात त्यांची खाट इशानंतर आमच्या भिंतीलगत गल्लीत पडायची. येता-जाता आमची मुले त्यांच्या खाटेवर बसायची. त्या वर्षी खाट दिसली नव्हती. मी समजले होते, त्यांची तब्येत बरी नसेल.

"एसीचा गरम वारा त्यांच्या उशाशी येतो," अम्मी म्हणाल्या. "मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, राहू द्या, पोरीची परीक्षा आहे."

मी विज्ञान शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण त्या रात्री मी शाळेतल्या सहकाऱ्याला फोन करून हिशेब विचारला. एक टन म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवण्याइतकी उष्णता, साधारण साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता उचलतो. वर तो स्वतः जी वीज खातो, तिचीही उष्णताच होते. दोन्ही मिळून साडेसहा किलोवॅट बाहेर फेकली जाते. दोन-दोन हजार वॅटचे तीन हीटर मे महिन्याच्या रात्री एका म्हातारीच्या उशाशी लावून ठेवावेत, तेवढी. आमची खोली गार झाली, म्हणजे उष्णता संपली नव्हती. ती फक्त भिंतीच्या पलीकडे गेली होती.

गोव्याहून परतल्यावर फेब्रुवारीत आम्ही ते युनिट गच्चीवर नेले. तांब्याची नळी वाढली, गॅस पुन्हा भरावा लागला, काही हजार रुपये गेले. पती म्हणाले, "एका खाटेसाठी एवढा खर्च?" अम्मी म्हणाल्या, "माझ्या अब्बांनी भोंग्याखालची जागा सोडली होती. तुला नळी सोडवत नाही?" त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

आता आमच्या घराची नवी शिस्त आहे. दुपारी एक ते चार एसी, २६ अंशांवर, सोबत पंखा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमामुळे २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवर सुरू होतात. त्याहून खाली उतरण्याची गरज आम्हाला पडली नाही आणि एकेका अंशाने बिलही कमी होते. घरातला साधा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवत राहतो. म्हणून चारला तो बंद करून थोडा वेळ दार उघडायचे. मगरिबनंतर घर उघडे आणि रात्री गच्ची. कोरड्या दिवसांत कूलर, पण पावसाळ्यात तो बंद, कारण तेव्हा आपली हवाही समुद्राच्या हवेसारखी ओली होते.

पुढच्या एप्रिलमध्ये मी रोज रात्री गल्लीत डोकावत होते. खालांना सांगायला जायची लाज वाटत होती. काय सांगणार? वर्षभर तुमची झोप घेतली, आता परत करतो? शेवटी अम्मीच गेल्या. त्यांच्याशी काय बोलल्या, मला माहीत नाही. महिनाअखेरीस एका रात्री इशानंतर खाटेचे पाय दगडावर घासल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिले. खाला आमच्या भिंतीलगत चादर झटकत होत्या. माझी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन खाली धावली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

वाचक भगिनींनो, उन्हाळा जवळ येतो आहे. तुमच्या घरी एसी असेल, तर एका रात्री तो चालू करून बाहेर जा. युनिटच्या समोर, शेजाऱ्याच्या बाजूला, पाच मिनिटे उभ्या राहा. तिथे तुम्हाला झोप लागेल का, एवढेच स्वतःला विचारा.