लग्नपत्रिकेची कैफियत

लग्नसराई सुरू झाली की हिंगणघाट, आर्वी, सेलू, देवळी या बाजूंच्या मोबाइलांवर व्हॉट्सॲपने पत्रिकांचा ओघ लागतो, आणि त्यांतच एखादी अशी निघते की जिच्या नावाच्या अंती 'एपीके' ही अक्षरे असतात. पत्रिका समजून जिच्यावर बोट ठेवावे तो वस्तुतः अँड्रॉइडचा एक प्रोग्राम असतो. असे सॅम्पल माझ्याकडे तपासणीस आले म्हणजे उघडून पाहण्याचा मोह आधी आवरावा लागतो. प्रथम त्याचा हॅश, म्हणजे एसएचए-२५६ या रीतीने निघणारा चौसष्ट अक्षरांचा ठसा, टिपून ठेवावयाचा. कारण नाव कोणीही बदलू शकतो, परंतु आतील एक अक्षर जरी पालटले तरी ठसा सर्वस्वी निराळा उमटतो, आणि तुम्ही तपासलेला मुद्देमाल हाच कशावरून, या प्रश्नाला दुसरे चोख उत्तर नसते.

एपीके ही मुळात झिप फाइलच. तिच्यातील मॅनिफेस्ट नावाचा दस्तऐवज हा मला साऱ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो, कारण प्रोग्रामाला ज्या परवानग्या हव्या असतील त्यांचा अर्ज तेथे लेखी केल्यावाचून अँड्रॉइडच्या दरबारी दाद लागत नाही. आणि मुहूर्त नि मंडपाचा पत्ता सांगावयास आलेली पत्रिका जेव्हा येणारे एसएमएस वाचण्याची मुभा मागते, तेव्हा तिची नजर बँकेच्या ओटीपीवर आहे हे ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. (हल्लीचे लबाड मात्र अधिक सावध: बाहेरच्या फाइलीत केवळ दुसरी फाइल बसविण्याची परवानगी मागतात, आणि खरा ऐवज सांकेतिक रूपात आत दडवितात.) पुढे जॅडएक्स या साधनाने कोड उलगडीत गेले की चोरलेले संदेश कोठे धाडले जातात तो पत्ता सापडतो, कित्येकदा तो टेलिग्रामवरील एखादा बॉट असतो.

रूप आणि कृती यांत केवढे अंतर असू शकते हे ज्या जवाहरलाल नेहरू बंदराने आमच्या सिंदी (रेल्वे) येथे ड्रायपोर्ट योजिले, त्याच बंदरात २७ जून २०१७ रोजी दिसले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रामाने मर्स्क कंपनीच्या ताब्यातील टर्मिनलचा कारभार ठप्प केला. पडद्यावर तीनशे डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली होती, सोबत ओळखक्रमांक म्हणून एक लांबलचक अक्षरमाला होती. परंतु संशोधकांनी प्रोग्राम उकलला तेव्हा ती अक्षरमाला निव्वळ स्वैर निघाली, डिस्कचे कुलूप उघडणाऱ्या किल्लीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता, आणि खंडणी घेऊनही डिस्क मोकळी करून देणे खुद्द हल्लेखोरालाही अशक्य होते. विध्वंसाने खंडणीचा वेष घेतला होता. हे काही दिवसांतच कळले. कर्ता म्हणून रशियन सैन्याचे नाव ब्रिटन व अमेरिका यांनी जाहीरपणे घेण्यास मात्र फेब्रुवारी २०१८ उजाडला.

आमच्याकडे ते नाव लगेच हवे असते. "साहेब, कोन हाय तो? जामताऱ्याचा का?" जामतारा सायबर ठगीसाठी बदनाम खरे, पण कोडात चार हिंदी शब्द आढळले म्हणून गावाचे नाव घेणे मला मंजूर नाही; तसे शब्द पेरणे कोणालाही सुलभ आहे. अहवालात मी हॅश, परवानग्या आणि पत्ता एवढेच लिहितो. आणि खात्यातून रक्कम गेली असेल तर मला सॅम्पल पाठविण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन लावा, असे बजावतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, माझ्या चिकित्सेला तशी घाई नाही.