कुत्र्याचा बोजारा

हार्डकोर पंक ऐकताना कुणी माझ्या शेजारी बसलं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'याला एवढा राग कशाचा आलाय?' प्रश्न रास्त आहे. गाणं दीड मिनिटाचं, गायक गात नाही, ओरडतो, ड्रम असे वाजतात की वादकाच्या मागे कुणीतरी लागलंय, आणि शब्द कळायला लागेपर्यंत सगळं संपलेलं. ही सवय मला नागपूरला हॉस्टेलवर लागली. आता मी मुकुटबनला घरचं कृषी केंद्र चालवतो आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की एका कानात इअरफोन खुपसून बसतो. झरी जामणी तालुक्यात हे ऐकणारा मी एकटाच असेन असा माझा समज आहे. दुसरा कुणी असेल तर त्याने दुकानावर यावं, चहा माझ्याकडून.

या संगीतात एक जुनी रीत आहे. पाच-दहा बँड एकेक गाणं फुकट देतात, कुणीतरी ती एकत्र करून कॅसेट, रेकॉर्ड किंवा नुसतंच डिजिटल अल्बम काढतो आणि आलेले पैसे जखमी, टाकून दिलेल्या प्राण्यांच्या एखाद्या निवाऱ्याला जातात. बँडकॅम्पसारख्या साइटवर किंमतही ऐकणाऱ्यावर सोडता येते. साइट डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ठेवून घेते. २० मार्च २०२० ला, महामारीत कलाकारांचे कार्यक्रम बंद पडले तेव्हा, तिने एक शुक्रवार आपला वाटा सोडला आणि मग असे शुक्रवार होतच राहिले. अशा दिवशी मीही दोन-चार डॉलर टाकतो. कुठल्या तरी थंड देशातल्या, मी कधीच न पाहिलेल्या कुत्र्याच्या टाक्यांना माझ्या दुकानातले पैसे लागले असतील.

ही मंडळी प्राण्यांपर्यंत आली कशी, तर नकाराच्या वाटेने. वॉशिंग्टनच्या 'मायनर थ्रेट'ने १९८१ साली 'स्ट्रेट एज' नावाचं मिनिटभराचंही नसलेलं गाणं काढलं. दारू, नशा यांना सरळ नकार. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'यूथ ऑफ टुडे'ने 'नो मोअर'मध्ये तोच नकार ताटातल्या मांसापर्यंत नेला. इंग्लंडमधले 'कॉन्फ्लिक्ट'सारखे बँड प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध आधीपासूनच गळा फाडत होते. मुंबईतही 'द रायट पेडलर्स', 'डेथ बाय फंगाय' अशी मंडळी झाली. त्यांचा श्रोतावर्ग एका खोलीत मावेल इतका, पण आहे.

मला हे कधीच परकं वाटलं नाही. त्याचं कारण अमरावती जिल्ह्यातलं आहे. शेणगावच्या परीट घरात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीने मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत घालायला नकार दिला आणि गोड जेवण वाढलं. पुढे गाडगेबाबा झाल्यावर चिंध्या पांघरून, हातात खराटा घेऊन ते कीर्तनाला उभे राहत, समोरच्या हजारोंना उलट प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. देवापुढे बकरं-कोंबडं कापणाऱ्यांना त्यांनी भर कीर्तनात सोडलं नाही. आणि लोकांनी दिलेला पैसा? १९२५ साली मूर्तिजापूरला गोरक्षण उभं राहिलं, ठिकठिकाणी धर्मशाळा झाल्या, स्वतःच्या घरात मात्र त्यातलं काही गेलं नाही. ('गोरक्षण' हा शब्द आज उच्चारला की लोक आधी तुमच्याकडे बघतात आणि मग दाराकडे. बाबांच्या लेखी त्याचा अर्थ भाकड, लुळ्या जनावरांना चारा घालणं एवढाच होता, आणि मला तोच पुरतो.) गाडगेबाबांना पंक म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. फक्त फाटके कपडे, नशेला नकार, समोरच्याला ओरडून विचारलेला प्रश्न आणि शेवटी मुक्या जिवाकडे वळवलेले पैसे हा सगळा ऐवज आपल्याकडे गिटार नसतानाही होता.

त्याहून जवळचं उदाहरण आमच्या गावाच्या आखरावर आहे. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू होतात. ज्यांनी त्या ऐकल्या नाहीत त्यांना सांगतो. एक गडी पुढे येतो, बेंबीच्या देठापासून चार-सहा ओळी फेकतो, शेवटी 'हर हर महादेव'ला अख्खं गाव तुटून पडतं. देवापासून सुरू झालेली झडती कापसाच्या भावावर, लाइनमनवर, आमदारावर कधी येते कळत नाही. मिनिटाच्या आत खेळ खलास. तोवर दुसरा पुढे सरसावलेला. हार्डकोरच्या कार्यक्रमात गायक माइक गर्दीच्या तोंडाशी धरतो ते मी पहिल्यांदा व्हिडिओत पाहिलं, तेव्हा मला आखरच आठवला. मग तोरण तुटतं, बैल घरोघर फिरतात, पायांवर पाणी पडतं आणि बैल घेऊन आलेल्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचे नंदी ओढत येतात, त्यांनाही बोजारा. म्हणजे ओरडणं, जनावर आणि पैसा ही तिन्ही टोकं आमच्याकडे एकाच सणात आहेत. पण तो बोजारा जनावरासाठी नसतो, जनावराच्या नावावर असतो.

आमच्या रस्त्यावरून सिमेंट, कोळसा, डोलोमाइटचे ट्रक रात्रंदिवस जातात. वणीकडे जाताना सकाळी डांबरावर काय काय चिकटलेलं दिसतं ते लिहीत नाही. काही कुत्री मरत नाहीत, आणि ती जास्त वाईट. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. सीताफळाचा पाला ठेचून भरायचा, जमलं तर दवाखान्यातला फवारा मारायचा, हे आम्ही तिघं-चौघं करत आलोय. हाड मोडलेलं असेल तर मात्र गाडी करून बाहेर न्यावं लागतं, आणि तिथे खिसा बोलायला लागतो.

म्हणून दोन वर्षांपूर्वी पोळ्याला मी झडती म्हटली. रात्रभर बसून रचली होती, ट्रकवर आणि आमच्या दुकानासमोरच्या तीन पायांच्या कुत्रीवर. महादेवाचा गजर झाला, लोक हसलेही. मग मी टोपी फिरवली आणि हसू आटलं.

"कुत्र्याले पैसे? अन् आमाले कोन देते बे?" मागून कुणीतरी बोललं.

यावर यवतमाळ जिल्ह्यात कुणालाही पटकन उत्तर देता येत नाही. मी कृषी केंद्र चालवतो. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. कर्ज, नापिकी आणि त्यापुढचं मी सांगायला नको. काउंटरच्या मागे ज्या बाटल्या मांडलेल्या असतात त्या कशासाठी विकत घेतल्या जातात हे चेहऱ्यावरून ओळखायला मी शिकलोय, आणि ओळख पटली की 'माल संपला' म्हणायलाही. 'आधी माणूस' म्हणणारा माझ्या लेखी निर्दय नाही. पण माणसासाठीही त्या दिवशी टोपी कुणी फिरवत नव्हतं, हेही खरं.

टोपीत २,३४० रुपये जमले. त्यातली शंभराची नोट एका काकाजींची होती. त्यांचा जोडीतला एक बैल वाघाने नेला होता. पंचनामा झाला, भरपाई मिळाली, पण उरलेल्या बैलाला जोड मिळेना आणि शेवटी तोही विकावा लागला. नोट टाकताना ते म्हणाले, "पैसे घे. पन वाघाले नाई हं."

शहरातल्या अल्बमांवर 'प्राणी' हा एकच शब्द असतो. इथे प्राण्यांना बाजू असतात. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगावकडे अवनीला गोळी घातली तेव्हा मुंबईत लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले आणि आमच्या जिल्ह्यात कित्येक गावांनी मोकळा श्वास घेतला. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर धरले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर आमच्याच मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गाभण वाघीण गुहेत मारलेली सापडली. तोंडाशी जाळ केलेला, पंजे तोडून नेलेले. ती बातमी वाचून मी दोन दिवस इअरफोन लावले नाहीत. ओरडायला गळा होता, पण कुणावर ओरडायचं? जाळ करणारा माणूस परग्रहावरून आलेला नव्हता. त्याच्यासारख्याच हातांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं जातं.

काकाजींशी मी वाद घातला नाही. टोपीतल्या पैशांची वही केली. आतापर्यंत तिच्यात अकरा कुत्री, दोन गोऱ्हे, एक गाढव आणि विहिरीतून काढलेलं एक माकड आहे. तीन पायांची कुत्री यात नाही, तिचा पाय वहीच्या आधीच गेला. गेल्या तान्ह्या पोळ्याला चार पोरांनी आपल्या बोजाऱ्यातले दहा-दहा रुपये आणून दिले आणि पावती मागितली, तीही दिली. या शुक्रवारी दोन डॉलर थंड देशाला न पाठवता वहीत टाकले. शिल्लक ४१५ रुपये.

पहिल्या पानावर 'मुक्या जनावरांसाठी' असं मी लिहिलं होतं. काकाजींनी वही मागून घेतली, माझाच पेन घेतला आणि त्याखाली लिहिलं, 'वाघ सोळून'. खाली सहीसुद्धा केली. ती ओळ मी खोडलेली नाही. आणि टिपेश्वरकडून निघालेले वाघ अजून आमच्या जंगलात येतात.