बाहेर पडायची वाट

आमच्या छोट्याशा दिवाळी अंकाची वेबसाइट करायची ठरली आणि ‘तुला कळतं त्यातलं’ म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

खरं तर ही दुसरी वेबसाइट. पहिली २००६ साली एका ओळखीच्या गृहस्थांनी स्वतः लिहिलेल्या प्रणालीवर करून दिली होती. पुढे त्यांनी धंदा बंद केला आणि डेटाबेस त्यांच्याकडेच राहिला. बाबांनी आजारपणात फक्त वेबसाइटसाठी लिहिलेले सहा लेख त्यात गेले. ते कधी छापलेच नव्हते.

आता मला ड्रुपल हवं होतं. मायबोली, मिसळपाव ही संकेतस्थळं त्यावरच वाढली. लेखक, चित्रकार, वर्ष असे रकाने त्यात नीट बांधता येतात. पण ड्रुपल ७ वरून ८ वर जाणं हे साधं अपडेट नव्हतं, जवळजवळ घर बदलणंच होतं. ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ला संपलाही. असं घर बदलायची वेळ पुन्हा आली, तर तेव्हा मी असेनच असं नाही.

मग मुद्रितं तपासणाऱ्या काकूंना दोन्हीकडे एकेक लेख चढवायला दिला. ड्रुपलवर त्यांचे तीन फोन आले. वर्डप्रेसवर एकही नाही. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. आधी तिथून बाहेर पडून पाहिलं. वर्डप्रेसमधून सगळा मजकूर एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येतो. ती फाइल घरच्या लॅपटॉपवरच्या कोऱ्या वर्डप्रेसमध्ये चढवली आणि इंटरनेट बंद केलं. लेख जसेच्या तसे होते, पण चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. फाइलमध्ये चित्रं नसतातच, फक्त त्यांचे पत्ते असतात. मग चित्रांचा फोल्डर वेगळा उतरवला आणि डेटाबेसची प्रतही घेतली.

शेवटी वर्डप्रेसच घेतलं. सोय, देखणेपणा या गोष्टी नंतरच्या. आपलं लिखाण आपल्याला परत मिळतं का, हे आधी बघायचं.

डोमेन मंडळाच्या नावावर आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्याची प्रत पेनड्राइव्हवर घेते आणि काकूंकडे देते. त्या तो पावतीपुस्तकांच्या डब्यात ठेवतात.

परवा म्हणाल्या, “या महिन्याचा राहिलाय गं.”