बाबांची स्प्लेंडर आणि महागाचं तेल



आज भाताबद्दल थोडं आणि मोटरसायकलच्या इंजिन ऑइलबद्दल जास्त लिहितोय. या पानावर ऑइल कशाला, असं वाटेल. पण चुकीच्या ऑइलमुळे माझं एक पोतं मोड आलेलं बियाणं गेलं, म्हणून ही नोंद इथेच हवी.

आमचं घर करावे गावठाणात. १९७० साली सिडको आली आणि नंतरच्या संपादनात गावाची भातशेती गेली. आजोबांची खाचरं होती तिकडे आता इमारती आहेत. खाडी तेवढी राहिली, कांदळवन राहिलं, आणि थंडीत येणारे रोहित पक्षी. पुढे बाबांनी पेण तालुक्यात खाडीकाठी दोन एकर खारजमीन घेतली आणि १९९७ साली तिथे जायला हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. करावे, बेलापूर, पनवेल, पळस्पे, कर्नाळा, पेण. एका बाजूचे पन्नासेक किलोमीटर. आजही शेतावर जाणारी गाडी हीच. नवी घेऊ म्हटलं की बाबा विषय बदलतात.

मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला मी गाडीचं ऑइल बदललं. मेहुण्याच्या नव्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला डबा घरात होता. फुल सिंथेटिक, ०डब्ल्यू-२०, किंमत बघूनच छाती दडपावी असा. मनात म्हटलं, म्हातारीला एकदा तरी चांगलं खाऊ घालू. जुनं काळं ऑइल काढलं आणि हे सोन्यासारखं पिवळं ओतलं. पहिले चार-पाच दिवस इंजिन इतकं हलकं वाटलं की मी स्वतःवरच खूश.

दोन आठवड्यांनी पाऊस लागला. आमच्या खाचरात आम्ही रहू करतो, म्हणजे पहिल्या पावसाने वरचा खार धुऊन गेला की मोड आलेलं बियाणं चिखलात फेकायचं. बियाणं पनवेल-३, खारभूमी संशोधन केंद्राचं खारं सहन करणारं वाण. बाबा ते घरीच भिजवतात, गोणपाटात दाबून ठेवतात आणि मोड नखाएवढा झाला की सांगतात, आज निघ. त्यानंतर हातात फार वेळ नसतो. पोतं बांधलेलं राहिलं तर आत उष्णता धरतं, मोड लांब होतात, फेकताना तुटतात.

सकाळी दोन पोती मागे बांधून निघालो. कर्नाळ्याच्या चढाला गाडी रेस घेऊ लागली, पण पुढे जाईना. इंजिन ओरडतंय आणि चाक सुस्त. गिअर खाली टाकला तरी तेच. थोड्या वेळाने जळक्या वासाने कळलं, क्लच गेला. पाऊस चालू, रस्त्यावर कंटेनरची रांग. टेम्पो मिळेपर्यंत दुपार टळली. शेतावर पोहोचून पोतं उघडलं तर हात आत घालवेना, इतकं गरम. वरचं पोतं बरं होतं. खालचं, सायलेन्सरच्या बाजूचं, जवळजवळ वाया गेलं.

रात्री घरी बाबांनी एवढंच विचारलं, "गारीन तेल कंचा टाकलास?"

मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाला, महाग हाय म्हनून चांगला नसतं. आपले खारान कोलम लावतंस का?"

उत्तर नव्हतं. खारजमिनीत कोलम लावला तर काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. कोलम वाईट नाही, जमीन त्याची नाही. तसंच ते कारचं ऑइलही वाईट नव्हतं. गाडी त्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी नेरूळच्या जुन्या मेकॅनिककाकांनी क्लच उघडून दाखवला. प्लेटा जळून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. ते प्रामाणिकपणे म्हणाले, प्लेटा आधीच म्हाताऱ्या होत्या, या ऑइलने शेवटचा धक्का दिला. नुसतं ऑइल बदलून भागलं नाही, प्लेटा आणि स्प्रिंग नव्या टाकाव्या लागल्या. त्या दिवशी त्यांनी समजावलं आणि नंतर मी स्वतः पडताळलं, ते तुमच्यासाठी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट. कारमध्ये इंजिनचं ऑइल फक्त इंजिनात असतं. आपल्या बहुतेक फोरस्ट्रोक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. इंजिनाला घसरण हवी, क्लचला पकड हवी. कारच्या पातळ ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. ती इंजिनला मानवतात, पण क्लचच्या प्लेटांची पकड सोडवतात. डब्यामागच्या गोल शिक्क्यात खाली एनर्जी कन्झर्व्हिंग किंवा रिसोर्स कन्झर्व्हिंग छापलेलं दिसलं, तर तो डबा गिअरच्या मोटरसायकलीसाठी नाही.

दुसरी गोष्ट, मोटरसायकलच्या ऑइलवर शोधायचं अक्षर. जपानी मानक आहे जासो, १९९८ पासूनचं. एमए किंवा एमए-२ असेल तर ओल्या क्लचला चालतं. एमए-२ ची पकड जास्त. एमबी असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, कारण त्यांचा क्लच कोरडा असतो, ऑइल तिथे पोहोचतच नाही. घरात स्कूटर आणि मोटरसायकल दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा. एकाचं उरलेलं दुसऱ्यात ओतू नका.

तिसरी, आकडे. १०डब्ल्यू-३० मध्ये डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला घट्टपणा. आकडा मोठा तर तेल घट्ट. कंपनी आता स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० आणि जासो एमए सांगते. आमचं गाडीचं पुस्तक २६ जुलै २००५ च्या पावसात भिजून गेलं. तुमच्याकडे असेल तर आधी ते उघडा.

मग जुन्या गाडीला घट्ट ऑइल टाकावं का? हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. काका म्हणाले, आधी मोज. म्हणून वहीत लिहायला लागलो. १०डब्ल्यू-३० टाकून हजार किलोमीटरमध्ये किती ऑइल वरून घालावं लागलं ते लिहिलं. पुढच्या खेपेला त्याच प्रतीचं २०डब्ल्यू-४०, तेही जासो एमए, टाकून तेवढंच अंतर पुन्हा मोजलं. माझ्या गाडीत वरून घालायचं ऑइल निम्म्यावर आलं, म्हणून मी तेच ठेवलं. तुमचं इंजिन ऑइल खात नसेल तर घट्ट करायची गरज नाही. घट्ट ऑइल गार इंजिनात वर कॅमपर्यंत चढायला वेळ घेतं, आणि ॲव्हरेजही थोडं पडतं.

आणि घट्ट ऑइल म्हणजे दुरुस्ती नव्हे. रात्रभर उभ्या गाडीला किक मारल्यावर निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. रेस दिली की सतत निळा धूर येत असेल तर रिंगा तपासा. घट्ट ऑइलने धूर थोडा झाकतो, आजार जात नाही.

चौथी, ट्रॅक्टरचं ऑइल. आपल्यापैकी अनेकजण ड्रममधलं १५डब्ल्यू-४० डिझेलचं ऑइल गाडीतही ओततात. माझ्यासारखा क्लच लगेच जाईलच असं नाही, कारण त्यात सहसा कारच्या ऑइलइतकी घर्षण कमी करणारी द्रव्यं नसतात. पण ते डिझेलच्या काजळीसाठी बनवलेलं असतं, आणि डब्यावर जासो एमए नसेल तर क्लचची खात्री कोणी दिलेली नाही. एक लिटरच्या आत ऑइल लागणाऱ्या गाडीसाठी ही काटकसर मला पटत नाही.

जुन्या टूस्ट्रोकवाल्यांचं गणित वेगळं. राजदूत, येझदीत टूटी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जळतं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. ग्रास कटर वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटलाही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे आहेत. या गाड्यांना वरचे नियम जसेच्या तसे लावू नका.

आता रोजच्या सवयी. स्प्लेंडरला बाहेरून बदलायचा ऑइल फिल्टर नाही. आत जाळी आणि फिरकीचा फिल्टर आहे, घाण तिथे बसते. म्हणून ऑइल वेळेवर बदलणं हाच मोठा उपाय. मी दोन ते अडीच हजार किलोमीटरला बदलतो, साधं मिनरल. महाग ऑइल दुप्पट दिवस चालवण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदललेलं माझ्या म्हाताऱ्या गाडीला मानवतं.

दर रविवारी पातळी बघतो. सपाट जागी मधल्या स्टँडवर गाडी, दोन-तीन मिनिटं चालू, मग बंद करून तेवढंच थांबायचं. डिपस्टिक पुसून परत आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, वरच्या खुणेच्या वरही भरू नका.

पावसाळ्यात ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. गाडी पुरात बुडाली असेल तर किक मारू नका. आधी ऑइल काढा.

काढलेलं काळं ऑइल नाल्यात, बांधावर, खाडीत ओतू नका. मी डब्यात भरून मेकॅनिककाकांच्या ड्रममध्ये देतो, तिथून ते पुन्हा शुद्ध करायला जातं. गावातली काही माणसं अजून खाडीवर पोट भरतात, चिंबोऱ्या धरतात. जमीन गेली, आता खाडी तरी सांभाळू. आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे त्यात कोणी नकली ऑइल भरून विकणार नाही.

औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय आपण फवारणी करत नाही. ऑइलचा डबा मात्र किंमत आणि चित्र बघून घेतो. मीही तेच केलं होतं. त्या वर्षी दोन एकरातला एक कोपरा विरळ राहिला. शेजारच्या शेतकऱ्याने त्याची उरलेली रोपं दिली, ती लावून थोडं भरून काढलं, पण कापणीला तो कोपरा वेगळा दिसतच होता. बाबा बांधावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते, बोलले काही नाहीत.

यंदा ऑइल मे अखेरीस बदललं. नवा डबा आणला तेव्हा बाबांनी चष्मा लावून तो उलटसुलट बघितला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं, हे बघा, एमए. त्यांनी मान हलवली आणि बियाणं भिजवायला पाणी काढायला गेले.

तुमच्या जुन्या गाडीत कोणतं ऑइल आहे, आणि हजार किलोमीटरला वरून किती घालावं लागतं? मोजलं असेल तर सांगा, वहीत लिहून घेईन.