चालायचे तर जेवायलाही हवे

मुरबाड-शहापूरकडची आपली किती मुले-मुली कल्याण-डोंबिवलीला बिऱ्हाड करून आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलात तर एकदा पहाटे बाहेर पडून पाहा. डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडासंकुल, कल्याणचा काळा तलाव, ठाण्याची तलावपाळी, सगळीकडे माणसे भराभर चालताना दिसतील. वजन उतरवायचे म्हणून! आपल्याला जरा हसू येते. पण लोकलमध्ये आणि खुर्चीवर दिवस काढणाऱ्याने चालायलाच हवे. माझी तक्रार चालण्याबद्दल नाही; चालून आल्यावर उपाशी राहण्याबद्दल आहे.

माझी पुतणी डोंबिवलीला राहते, ठाण्याला नोकरीला जाते. दोन बाळंतपणांनंतर वजन 68 किलोवर गेले. धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर ती रोज तासभर चालू लागली आणि त्याच दिवसापासून जेवण तोडले. सकाळी नुसता चहा, दुपारी दोन पोळ्या नि भाजी, रात्री काकडी. पहिल्या महिन्यात 4 किलो उतरले, घरात कौतुक झाले. मग काटा हलेना. तिने आणखी एक पोळी कमी केली. केस गळू लागले, पाळी लांबली, आणि एके दिवशी स्टेशनच्या जिन्यावर घेरी आली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 9. गोळ्या लिहून देण्याआधी डॉक्टर म्हणाले, "चालणं सोडू नका, जेवायला लागा."

नांगराला जुंपलेल्या बैलाची वैरण तुम्ही तोडाल का? म्हशीची पेंड बंद केली तर ती आधी दूध आटवते. शरीराचेही तसेच. आवक घटली की ते खर्च आखडते, आणि चरबीबरोबर अंगातले मांसही झिजते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले होते. आठवड्याला 35 किलोमीटर चालणेही होते. वजन पाव हिश्श्याने घटले खरे. पण नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, कशात मन लागेना, डोक्यात रात्रंदिवस अन्नच.

आता थोडा हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या आकड्यांप्रमाणे 55 किलोच्या बाईला बैठ्या कामाला रोज 1660 उष्मांक लागतात, मध्यम कष्टाला 2130 आणि जड कष्टाला 2720. पुतणीचे हजारही भरत नव्हते. एक किलो चरबीत सुमारे 7700 उष्मांक असतात. म्हणजे रोज 400-500 ची तूट पडली तरी महिन्याला दीड-दोन किलो उतरतात. त्यातले 200 च्या वर तासाभराच्या चालण्यातच जातात. उरलेले गोड चहा, फरसाण, वडापाव यांतून काढावेत; भाकरी-डाळीतून नव्हे.

पुतणीने तेच केले. चालून आली की नाचणीची भाकरी आणि अंडे. डब्यात भाकरी, वालाचे बिरडे, पालेभाजी, ताक. रात्री वरणभात, लवकर. चहा चाराचा दोनवर आला. वडापाव सुटलेला नाही, आठवड्यातून एकदा असतोच, आणि असू दे. चार महिन्यांत 5 किलो उतरले, पाळी जागेवर आली. गरोदर, अंगावर पाजणारी किंवा मधुमेहाची बाई असेल तर तिने मात्र असले काही डॉक्टरांना विचारूनच करावे.

हे शहराचे खूळ म्हणून पान उलटू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्याकडे पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटले की "जरा बारीक हो" म्हणून तिचे रात्रीचे ताट बंद करतात, आणि सकाळी तीच मुलगी चिखलात वाकून लावणी करते. तिला 2720 लागतात. सकाळी बांधावर जाताना तिच्या हाती भाकरी आणि सुकटीची चटणी द्या, आणि रात्री तिला सगळ्यांच्या शेवटी नव्हे, सगळ्यांबरोबर बसवा.